चौदा माणसांच्या आक्का

आक्कांनी मला कामावर घेतलं त्या दिवशी त्या हसून हसून खुर्चीवरून घसरल्या होत्या, आणि त्या हसण्याचं कारण मी होते.

झालं असं, की मी वीस वर्षं एका वकिलांकडे टायपिंग करत होते. वकीलसाहेबांनी काम बंद केलं आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मी घरी बसले. पिंपळे गुरवमध्ये आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या पलीकडे मानसशास्त्राच्या कुणी प्राध्यापक बाई आहेत, त्यांना मराठी टायपिंग येणारं माणूस हवंय, असं कळलं म्हणून गेले. बाईंनी एक रेकॉर्डिंग दिलं. प्रेस मशीनमध्ये हात सापडून उजवा अंगठा आणि दोन बोटं गेलेल्या एका कामगाराची मुलाखत. "ऐक आणि टाइप करून आण," एवढंच म्हणाल्या. मी दोन दिवस खपून एकही चूक नसलेली दहा स्वच्छ पानं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

बाईंनी चष्मा लावला आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली. "सदर यंत्र अचानक खाली आल्याने माझ्या उजव्या हाताचा अंगठा व त्यालगतची दोन बोटे निकामी झाली, याचे मला अतीव दुःख झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परत कागदाकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि चाकं असलेली खुर्ची मागे सरकून त्या खरोखरच फरशीवर आल्या. मी उठवायला धावले, तर खाली बसल्या बसल्याच म्हणाल्या, "अगं बये! ह्यो बालाजी लातूरकडचा गडी. ह्यो 'सदर यंत्र' म्हणला? ह्याला 'अतीव दुःख' झालं? खरं काय म्हणला व्हता त्यो?"

मला पाठ झालं होतं. मी खाली मान घालून सांगितलं, "'मशीन खाली आली न् मी म्हणलो, आयला, हात कुठाय?' असं म्हणाले ते."

"मग ते लिही की!"

"पण बाई, ते बरं दिसत नाही."

"ते तुझ्या वकिलाकडं. हितं माणूस ऐकू आला पायजे." असं म्हणून त्यांनी हात वर केला, मी ओढून उठवलं, आणि उद्यापासून कामाला यायचं ठरलं.

बाईंचं नाव डॉ. शालन काशीद. गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या लहानपणी जिथं कोथिंबीर आणि ज्वारी होती, तिथं आता त्यांचे धाकटे भाऊ दत्ताभाऊ यांनी सात मजली इमारत उठवली होती. तिच्या तळमजल्यावर, एका बाजूला जिम आणि दुसऱ्या बाजूला केक शॉप, यांच्या मधोमध आक्कांचं दोन खोल्यांचं ऑफिस. जिममधून दिवसभर धाडधाड गाणी यायची. आक्का कॉलेजात शिकवताना शुद्ध, रेखीव बोलायच्या. मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकलं आणि माझा विश्वासच बसेना. पण ऑफिसात पाऊल टाकलं, चपला काढल्या, की "व्हय, न्हाई, हाय" सुरू. दत्ताभाऊंना बहिणीच्या कामाबद्दल कुणी विचारलं, की ते म्हणायचे, "आमची आक्का लोकांना बोलतं करती. घरात मातर आमाला गप करती."

आक्कांचा तेव्हाचा अभ्यास होता तो भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात मशीनवर बोटं गमावलेल्या माणसांचा. किती जणांची गेली, कुठल्या मशीनवर गेली, हे मोजायचं काम त्यांचं नव्हतं. बोटं गेल्यावर त्या माणसाचं सकाळी उठणं, शर्टाची बटणं लावणं, सासुरवाडीला जाणं, पोराला कडेवर घेणं कसं होतं, हे त्यांना त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. एखादा विद्यार्थी एक ते पाच आकड्यांवर खुणा करायची प्रश्नावली घेऊन आला, की आक्का ती उलटसुलट करून बघायच्या आणि म्हणायच्या, "पाचपैकी साडेतीन दुःख झालं, असं तू तुझ्या आईला कवा सांगितलंयस का रे?" पोरगा लाजायचा. मग त्याला चहा मिळायचा आणि पुढच्या मुलाखतीला बरोबर यायचं आमंत्रण.

त्यांच्यामागे स्कूटरवर बसून जाणं ही मोठीच गंमत असे. हेल्मेट घालून त्या सारख्या मागे वळून बोलायच्या आणि मी पुढचा रस्ता बघायचे. मुलाखत कुठं घ्यायची हे समोरच्या माणसानं ठरवायचं, हा त्यांचा नियम. त्यामुळे आम्ही चहाच्या टपरीमागे बसलोय, मोशीला इंद्रायणीच्या काठी बसलोय, चाळीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये बसलोय. एका माणसाला बसून बोलता येईना, तर आक्का त्याच्याबरोबर रिक्षात बसून मोशी ते चाकण अशा दोन फेऱ्या करून आल्या. ते रेकॉर्डिंग ऐकताना मला स्वतःलाच खड्डे लागत होते. आणि बसायचं ते कधीही समोर नाही, नेहमी शेजारी. "समोर बसलं की मानूस जबाब देतो," त्या म्हणायच्या. "शेजारी बसलं की सांगतो."

टायपिंगचे नियम तर विचारूच नका. हसू आलं तर कसलं हसू ते लिहायचं. खोकला लिहायचा. गप्प बसलेलं लिहायचं, तेही सेकंद मोजून. आक्का गप्प बसण्यात पटाईत होत्या. प्रश्न विचारून झाला की हलायच्या नाहीत. मला वाटायचं रेकॉर्डर बंद पडला. एका मुलाखतीत तर जवळजवळ चार मिनिटं कुणी काही बोललंच नाही, नुसता कुकर. मी वैतागून विचारलं, "आक्का, कुकरच्या शिट्ट्या टाइप करायच्या का?"

"करायच्या. किती झाल्या?"

"तीन."

"आणि बोलला कवा तो?"

मी परत ऐकलं. तिसऱ्या शिट्टीनंतर स्वयंपाकघरातून बायकोनं गॅस बंद केल्याचा आवाज येत होता, आणि ती शेजारच्या घरी गेल्याचा. मग तो माणूस बोलला होता. आक्कांना ते तिथं बसल्या बसल्याच कळलं होतं. मला आठ दिवसांनी, कुकरमुळे कळलं.

अशी चौदा माणसं होती. सगळी आक्कांना सुरुवातीला 'मॅडम' म्हणायची. कुठल्यातरी पानावर 'मॅडम'चं 'आक्का' व्हायचं. मला ते पान शोधायचा नादच लागला. कुणाचं चौथ्या पानावर, कुणाचं विसाव्या. बालाजीचं मात्र एका विनोदानं झालं.

तो दुसऱ्यांदा बोलायला ऑफिसात आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं; पस्तिशीचा असेल. उजवा हात पँटच्या खिशात. तो खिशातला हात इतका सवयीचा, की वाटावं माणूस जन्मतःच असा उभा राहतो. ते दोघं आतल्या खोलीत बसले, मी बाहेर; नंतर रेकॉर्डिंग ऐकलं, तर पहिला तासभर त्यानं गावाकडच्या म्हशीबद्दल सांगितलं होतं. आक्कांनी म्हशीबद्दल इतके बारीकसारीक प्रश्न विचारले की माझी बोटं टाइप करून दुखली. मग आपोआप रेशन दुकानाची गोष्ट निघाली. दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवल्याशिवाय धान्य मिळेना. दुकानदारानं मान वर न करताच सांगितलं, "उजवा अंगठा ठेवा." बालाजी म्हणाला, "न्हाई." दुकानदार म्हणाला, "न्हाई म्हंजे? अंगठा कुठाय?" आणि बालाजी म्हणाला, "कंपनीत हाय."

हे ऐकून रेकॉर्डिंगमध्ये आक्का फिस्सकन हसल्या.

मी कानावरचा हेडफोनच काढला. वीस वर्षं वकिलाकडे काढलेल्या बाईला हे सहन होईना. एका माणसाचा अंगठा गेलाय आणि या हसतायत! पण पुढे ऐकलं तर बालाजीही हसत होता. दोघं हसत होते. आक्का थांबायच्या, पुन्हा 'कंपनीत हाय' म्हणायच्या आणि पुन्हा फुटायच्या. बालाजी म्हणाला, "आक्का, तुम्ही पयल्या मानूस बघा. लोक हे ऐकून च् च् करायलेत. मी विनोद सांगायलोय हे कुणाला कळंनाच."

मग तो बराच वेळ गप्प राहिला. पंचावन्न सेकंद. आणि मग त्यानं घरात कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्याची बायको सकाळच्या शिफ्टला जायची, म्हणून मुलीची वेणी रोज तोच घालायचा. दोन वेण्या, रिबिनी वर बांधून. अपघातानंतर मुलीचे केस बायकोनं कापून बॉबकट केला. मुलीनं काही विचारलं नाही. "तिनं इचारलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. तेव्हापासून तो रस्त्यावर मुलीच्या डाव्या बाजूनं कधी चालला नव्हता. तसं चाललं की उजवा हात तिच्याकडे येतो.

ते पान टाइप करून झाल्यावर मी केक शॉपमध्ये जाऊन उगीचच एक पेस्ट्री खाल्ली.

अकरा मुलाखती झाल्या आणि एका सोमवारी सकाळी दत्ताभाऊंचा फोन आला. "सुमनताई, आज ऑफिसला येऊ नका. आक्काचं तोंड वाकडं झालंय."

आधी मला वाटलं, रागावल्यात. पण खरंच रात्रीतून चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. दवाखान्यात सांगितलं, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याच्या नसेला सूज आलीय. औषध सुरू झालं. बहुतेकांचं काही आठवड्यांत भरून येतं. काहींचं पूर्ण येत नाही. कुठल्या गटात आपण, हे वाट बघितल्याशिवाय कळत नाही.

आक्कांनी ऑफिस बंद केलं. फोन उचलेनात. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तर दार उघडायला आल्या त्या डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ गुंडाळून. आपल्याकडे स्कूटरवरच्या कॉलेजच्या मुली गुंडाळतात तसा, नुसते डोळे दिसतील असा; वर डाव्या डोळ्याला पट्टी. साठीला आलेली बाई, घरातल्या घरात, पंख्याखाली. मला हसावं की रडावं कळेना. त्या काहीतरी बोलल्या. मी म्हटलं, "काय?" पुन्हा बोलल्या. मला "फिंफळे" असं काहीतरी ऐकू आलं.

त्यांनी लहान मुलानं पाटी ओढावी तशी वही ओढली आणि लिहिलं: 'प येत नाही. ब पण नाही. मला माझ्या गावाचं नाव घेता येईना.'

आणि पिंपळे गुरवला राहणाऱ्या, पिंपरीत शिकलेल्या, बोपखेलला मावशी असलेल्या त्या बाईनं वहीवर डोकं ठेवलं. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले. आक्कांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या माणसांनी आपले हात त्यांना दाखवले, त्यांच्यापुढे जायची आक्कांची तयारी नव्हती. उरलेल्या तीन मुलाखती रद्द करायला त्यांनी मला सांगितलं. निधी देणाऱ्या संस्थेला कळवून टाक, म्हणाल्या, काम अपुरं राहिलं म्हणून.

मी संस्थेला काही कळवलं नाही. बालाजीला मात्र कळवलं. ते नियमात बसत होतं की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, तो मुलीला घेऊन आला. दत्ताभाऊंनी त्याला सरळ आक्कांच्या घरी वर पाठवलं. आक्का स्कार्फमध्ये. बालाजीचा हात खिशात. दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि मी मनातल्या मनात सेकंद मोजायला लागले.

बालाजी उठला आणि जाऊन आक्कांच्या शेजारी बसला. "आक्का," तो म्हणाला, "मी तुमाला ते काढा म्हणणार न्हाई. तुम्ही मला कवा हात काढा म्हणला न्हाईत."

आक्कांनी मान हलवली. मग त्यानं डाव्या हातानं पिशवीतून एक पुडकं काढलं. नारळपाणीवाल्याकडून आणलेल्या स्ट्रॉ. मूठभर. "चहा सांडायला असंल ना? मला बटण लागंना तवा मी चेनचे टी-शर्ट घेतले. काहीतरी काढावं लागतंय."

मी चहा आणला. आता स्ट्रॉनं प्यायचा म्हणजे स्कार्फ खाली घ्यावा लागणार. आक्कांनी क्षणभर थांबून तो काढला आणि टेबलावर ठेवला. स्ट्रॉ तोंडात धरून चहा ओढला. गरम चहा स्ट्रॉमधून थेट जिभेवर! आक्का ओरडल्या, चहा डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर, हनुवटीवरून ब्लाउजवर. बालाजीची मुलगी, सात वर्षांची, बारकाईनं बघत होती. ती बापाला म्हणाली, "पप्पा, आजी अर्धीच रागावलीय."

बालाजीनं "ए गप!" म्हणेपर्यंत आक्का हसायला लागल्या होत्या. उजवी बाजू हसतेय, डावी बाजू सभ्यपणे बसून राहिलीय. ते पाहून मुलगी खदखदायला लागली, मुलीला पाहून बालाजी, आणि मीही. चहा पुसायला बालाजीनं हात पुढे केला तो उजवा होता. ते त्याच्याही लक्षात आलं नसावं.

मग आक्का माझ्याकडे वळल्या. "सुमन, मशीन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. माझी मुलाखत घे."

मला काय विचारायचं कळेना. मी टायपिस्ट. घाईघाईत मी विचारलं, "आपल्याला केव्हापासून त्रास सुरू झाला?" आणि आक्का म्हणाल्या, "वकिलाची आली वघा." 'बघा' येईना, 'वघा' झालं. शेवटी बालाजीनंच विचारलं, "लय भ्या वाटलं का, आक्का?"

ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. अडखळत, प आणि ब गाळत आक्का म्हणाल्या ते मी जसं कळलं तसं लिहिते: "चवदा मानसं ठरवली, अकरा झाली. समदी मला सांगत व्हती, की लोक आधी हात बघतात आन् मग मला. मी लिहून घेतलं. लाल पेनानं अधोरेखितबी केलं. मला वाटलं, कळलं. काय बी कळलं नव्हतं रे. परवा दूधवाल्यानं पिशवी देताना खाली बघितलं. तीस वर्सं त्यो माझ्या तोंडाकडं बघून हसतो. त्यानं खाली बघितलं तवा कळलं." आणि मग, थोड्या वेळानं, "आन् कळून काय वाटलं माहितीये? राग आला. मी किती शहाणी समजत व्हते सवताला."

तीन आठवड्यांनी आक्का 'पिंपळे गुरव' स्पष्ट म्हणाल्या. ऑफिसात, जिमच्या गाण्याच्या वरताण, चार वेळा. मग 'बोपखेल'. मग 'पापड, बिब्बा, बापूबुवा' असं सुचेल ते. दत्ताभाऊंनी केक शॉपमधून केक मागवला. उरलेल्या तीन मुलाखती झाल्या. चेहरा जवळजवळ पूर्ण भरून आला, फक्त एक गोष्ट राहून गेली: हसलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. डॉक्टर म्हणाले, नस परत जोडली जाताना असं होतं. म्हणजे आक्का कुणाकडेही बघून हसल्या, की त्या डोळा मारतायत असंच वाटायचं. भाजीवाला दचकायचा. कॉलेजचे प्राचार्य तर त्यांच्याशी खिडकीकडे बघून बोलायला लागले.

अहवाल तयार झाला. तो संस्थेला पाठवण्याआधी त्या चौदा जणांना वाचून दाखवायचा, हे आक्कांचं पहिल्यापासून ठरलेलं. "त्यांचं जगणं हाय. त्यांना न विचारता मी कोण छापनार?" गुरुवारचा मुहूर्त ठरला. दत्ताभाऊंनी गच्चीवर कापड बांधलं, खुर्च्या मांडल्या, वडापाव सांगितले. अकरा जण आले, कुणी बायकोला घेऊन, कुणी पोरांना. बालाजीची मुलगी आली ती दोन वेण्या घालून. केस मानेच्या खाली वाढले होते. एक वेणी कानाच्या वर, दुसरी कानाच्या खाली, रिबीन एकीकडे लांब. आक्कांनी टेबलाखाली माझा हात इतक्या जोरात दाबला की माझी बांगडी रुतली.

वाचन सुरू झालं. पहिली तीन प्रकरणं लोक मान डोलावत ऐकत होते, मधूनच "हे माझंय!" म्हणून ओरडत होते. चौथं प्रकरण आक्कांचं लाडकं. नाव होतं 'स्वीकार'. दोन महिने खपल्या होत्या त्यावर. पहिलं पान वाचून होतं न होतं तोच मागच्या रांगेतून रेखाताई उठल्या. या चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करायच्या, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. मूळच्या कोकणातल्या, बोलायला फटकळ.

"आक्का, स्वीकार म्हणजे नक्की काय ओ?"

"जे झालं ते मान्य करून पुढं जाणं," आक्का म्हणाल्या.

"मी कधी मान्य केलंय? हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर काढून ठेवलेला. माल लवकर निघावा म्हणून काढलेला. ते मान्य करू मी? मला सवय झाली आहे. सवय वेगळी, मान्य करणं वेगळं. हे तुम्ही मला न विचारता माझ्या नावावर लिहिलंत."

मग एकदम सगळे बोलायला लागले. एक जण म्हणाला, माझंही तसंच. दुसरा म्हणाला, नाही, मी केलंय बाबा मान्य, मला रोज रोज भांडता येत नाही. बालाजी म्हणाला, "मी गुरुवारी मान्य करतो, शुक्रवारी कामावर गेलो की न्हाई करत." तासभर कल्ला. वडापाव गार झाले. मी वहीत लिहितेय, रेकॉर्डर फिरतोय, दत्ताभाऊ कोपऱ्यातून "एकेक जण बोला राव!" म्हणून ओरडतायत. मला आक्कांची काळजी वाटत होती. तिकडे बघितलं, तर आक्कांचा चेहरा असा फुललेला, की वाटावं लग्न ठरलंय. डावा डोळा गच्च मिटलेला.

"सुमन," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "पुरी माती झाली बघ प्रकरणाची! काय बोलतायत गं ही लोकं!"

त्यांनी ती बावीस पानं उचलून उभी फाडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला क्षणभर रडू येईल असं वाटलं, कारण ती पानं मी तीन वेळा टाइप केली होती.

पण मुदत आठ दिवसांवर आली होती. नवीन प्रकरण लिहायला निदान दोन महिने लागणार. आम्ही संस्थेच्या पुण्यातल्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब गंभीर, टाय लावलेले. त्यांनी अहवाल चाळला आणि विचारलं, "मॅडम, माणसं फक्त चौदा?"

"चौदा माणसं, साहेब," आक्का कॉलेजातल्या शुद्ध भाषेत म्हणाल्या. "त्यांच्याआधी 'फक्त' कसं लावायचं?" आणि त्या गोड हसल्या.

डावा डोळा मिटला.

साहेब लाल झाले. त्यांनी टाय नीट केला. आक्कांना काय झालं ते कळलं, आणि ते कळून त्यांना आणखी हसू आलं, म्हणजे डोळा पुन्हा मिटला. साहेब उठून पाण्याचा ग्लास शोधायला लागले. मी खाली बघून ओठ चावत होते. "दोन महिने पुरतील ना?" साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, आणि सही केली. जिन्यात आल्यावर आक्का पायरीवरच बसल्या. वॉचमननं येऊन विचारलं, बाईंना बरं वाटत नाहीये का. आम्हा दोघींचं हसू थांबेना.

नव्या प्रकरणाचं नाव ठेवलं 'मान्य नाही, पण सवय आहे'. रेखाताईंचं बोलणं त्यात शब्दन् शब्द आहे, सेन्सरसकट. अहवालानं जग बदललं असं काही झालं नाही. एक प्रत कॉलेजच्या वाचनालयात आहे. पण आक्कांनी त्याच्या झेरॉक्स काढून चाकणच्या टपऱ्यांवर ठेवल्या, आणि ती पानं हातोहात फिरली. रेखाताईंच्या मालकानं ते कुणाकडून तरी घेऊन वाचलं. तो आधी चिडला. आठ दिवस रेखाताईंशी बोलला नाही. मग एक दिवस काही न बोलता मशीनवर सेन्सर बसवून गेला. हे सांगायला रेखाताई ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन आल्या, आणि म्हणाल्या, "अजून मान्य नाही हां." आक्का म्हणाल्या, "बिलकूल करू नगंस."

काम संपलं. मला वाकडला एका ऑफिसात नोकरी मिळाली. मध्ये दोनतीनदा फोन झाले, भेट राहून गेली.

गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामानं कॅबनं चाकणला निघाले होते. तळेगाव चौकात नेहमीसारखं सगळं ठप्प. कंटेनर, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस. अर्धा तास झाला. कंटाळून बाहेर बघितलं, तर डावीकडे एका भल्यामोठ्या ट्रेलरच्या चाकाशी स्कूटर उभी, आणि स्कूटरवर आक्का. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. वरच्या केबिनमधून ड्रायव्हर खाली वाकून त्यांना काहीतरी सांगत होता. पगडीवाला, पन्नाशीचा माणूस. तो हातानं काहीतरी दाखवत होता, छातीपाशी हात नेऊन परत पुढे. आक्का मान वर करून ऐकत होत्या.

तेवढ्यात पुढची वाहनं हलली. मागून हॉर्नचा नुसता दणका सुरू झाला. ड्रायव्हर बोलायचा थांबला, त्यानं गिअरकडे हात नेला. आक्कांनी मागे न बघताच एक हात वर केला, मागच्या सगळ्या ट्रकांना, बसेसना, मोटारसायकलींना थांबा म्हणून, आणि ड्रायव्हरला मानेनं खूण केली, तुम्ही बोला. ड्रायव्हरनं गिअरवरचा हात काढला.

आमची कॅब पुढे सरकायला लागली. मी काच खाली घेऊन "आक्का!" म्हणून ओरडले. हॉर्नमध्ये काही ऐकू गेलं नाही.

"ओळखीच्या आहेत का ताई?" कॅबवाल्यानं विचारलं. "थांबू का बाजूला? जोरात हाक मारा."

"नको," मी म्हटलं. "त्यांचं बोलणं चाललंय."